नीलकंठरावांच्या घरी बासमतीचा वास

माणसाच्या गळ्यात शिट्टी आली की त्याच्या घरातली शांतता गेलीच म्हणून समजावं. नीलकंठरावांच्या गळ्यात ती बेचाळीस साली आली. तोवर फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये खिळे आणि चाक्या मोजण्यात त्यांचं आयुष्य सुरळीत चाललं होतं. त्यांच्या शब्दावर कधी कोणी उठलं नव्हतं की बसलं नव्हतं. पण जपान ब्रह्मदेशात घुसला, आता जबलपूरच्या फॅक्टऱ्यांवर बॉम्ब पडणार अशी आवई उठली, आणि रांझीकडच्या नव्या क्वार्टरांच्या एका ओळीचा एआरपीचा, म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचावाचा, वॉर्डन म्हणून साहेबाने नीलकंठरावांना उभं केलं. दंडाला पट्टा, डोक्यावर लोखंडी टोप, गळ्यात शिट्टी. टोप भुवयांच्या खाली यायचा, त्यामुळे वॉर्डनसाहेबांना समोरच्या माणसाचे फक्त पाय दिसत. पण अधिकार म्हटला की थोडं कमी दिसायचंच.

पहिला हुकूम त्यांनी खंदकाचा सोडला. खंदक कुठे खणायचा यावर ओळीत दोन दिवस खल झाला. शेवटी वॉर्डनने स्वतःच्याच क्वार्टरची मागची भिंत धरून जागा आखून दिली. देखरेखीला बरं पडेल, असं ते म्हणाले. विमान आलं की पहिली उडी आपली, असं ते म्हणाले नाहीत. मध्ये एक जुनं जांभळाचं झाड येत होतं, पोटात ढोली पडलेलं. ते त्यांनी तोडायला लावलं.

मग श्रावण लागला. विमानं काही आली नाहीत, पाणी आलं. खंदक काठोकाठ भरला आणि ओल भिंतीत चढू लागली. क्वार्टरं लढाईच्या घाईत बांधलेली, त्यांच्यात सिमेंट किती आणि घाई किती हे कंत्राटदारच जाणे. ओल आधी घोट्याला आली, मग गुडघ्याला, मग कमरेला. पोपडे सुटले, तांदळाच्या डब्याला बुरशी आली, बुटात बेडूक निघाला आणि एका सकाळी लोखंडी टोपातून गोम निघाली, तीही टोप डोक्यावर चढवल्यानंतर.

नीलकंठरावांनी बांधकामाच्या ऑफिसात तक्रार केली. तिथले बाबू म्हणाले, भिंत आमची आहे, पण पाणी खंदकाचं आहे, खंदकवाल्यांना विचारा. खंदकवाले म्हणाले, आम्ही खंदकाचा हुकूम दिला होता, पाण्याचा नाही. पाणी कोणाचं हा प्रश्न असा वरवर जात राहिला, आणि पाणीही भिंतीत वरवर जात राहिलं.

शेजारचे भय्यासाहेब सल्ला द्यायला टपलेलेच असत. ते जंगल खात्यातून पेन्शनीत निघाले होते. आपण चाळीस वर्षं जंगलात काढली असं ते सांगत. खरं म्हणजे ती वर्षं त्यांनी खात्याच्या लाकूड वखारीत काढली होती आणि जंगल पाहिलं होतं ते आडवं पडलेलं. त्यांच्या सल्ल्यावरून नीलकंठरावांनी भिंतीशी कडुलिंबाचा धूर केला. धूर पाहून ओळीतल्या लोकांनी आग लागली म्हणून बादल्या आणल्या, आणि जी भिंत बाहेरूनच ओली होती ती आतूनही झाली. शेवटी देवघराच्या कोपऱ्यात विटा ढासळून हातभर भगदाड पडलं. त्याला नीलकंठरावांनी पोतं लावलं आणि गणपती आले.

गणपतीमागून महालक्ष्म्या. आणि इथे गंमत थांबते, कारण अनसूयाबाईंच्या दृष्टीने यंदाच्या महालक्ष्म्या गमतीच्या नव्हत्या.

त्यांचा धाकटा भाऊ शशिकांत रंगूनला तारमास्तर होता. आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता, अनसूयाबाईंनीच त्याला वाढवला. रंगून पडलं, माणसं पायी निघाली, डोंगरातून चालत चालत काही आसामात पोचली आणि बरीचशी नाही पोचली, एवढं वर्तमानपत्रात आलं होतं. शशीचं चैत्रापासून काहीच कळलं नव्हतं. घरात कोणी त्याचं नाव काढत नसे. अनसूयाबाई तेवढं एकच म्हणाल्या होत्या, "यंदा देवीचं सगळं यथासांग झालं पाहिजे. काही एक उणं पडायला नको. मग तो येईल." त्या हे इतक्या शांतपणे म्हणाल्या की नीलकंठरावांना धास्तीच बसली. त्यांचा देवावर विश्वास बेताचा होता, पण बायकोवर पुरता होता. काही उणं पडलं तर ही बाई भावाची आशा सोडेल, आणि मग आपण हिला कशाने उभी करणार, हे त्यांना कळत नव्हतं.

आवाहनाच्या दिवशी अनसूयाबाईंनी टिनाच्या दोन कोठ्या मांडल्या, पिंपाएवढ्या, वरती मुखवटा बसवायची गळपट्टी, खाली धान्य काढायचं तोंड. एरवी त्या गव्हाने भरत. यंदा धान्य मिळायची मारामार, तेव्हा ओटीपुरते मूठभर गहू पदरात आणि कोठ्या रिकाम्याच. त्यांना नऊवारी नेसवून त्या उंबऱ्यावरून मुखवटे घेऊन आत आल्या. भय्यासाहेबांच्या विनताबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "महालक्ष्मी आल्या, कशाच्या पावली?" दरवर्षी उत्तर 'सोन्याच्या पावली' असं असे. यंदा अनसूयाबाई थबकल्या आणि म्हणाल्या, "शशीच्या पावली." 

दिवे लागणीला नीलकंठराव खिडकीला काळा कागद डकवत होते. उजेड फक्त नंदादीपाचा. पोतं हललं म्हणून त्यांनी वळून पाहिलं, तर काहीतरी काळं, मनगटाएवढं जाड, भगदाडातून आलं आणि सरसरत ज्येष्ठेच्या निऱ्यांखाली गेलं. त्यांना फक्त मागचा हातभर भाग दिसला. तेवढा पुरला. खळीची वाटी त्यांच्या हातून पायावर पडली.

महालक्ष्म्या एकदा बसल्या की तिसऱ्या दिवसापर्यंत जागच्या हलवता येत नाहीत. बायकोला सांगावं, तर ती कोठी हलवू देणार नाही, आणि हलवली तर उणं पडलंच. न सांगावं, तर उद्या अख्ख्या ओळीच्या बायका हळदीकुंकवाला येणार आणि त्याच निऱ्यांवर डोकं टेकणार. नीलकंठराव कुंपणाशी भय्यासाहेबांकडे गेले.

"काळा होता?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"काळाच."

"कशाचा वास येऊन राहिला का घरात?"

नीलकंठरावांना एकदम आठवलं. सकाळपासून देवघरात वास येत होता खरा, शिजलेल्या बासमतीचा. घरात बासमतीचा दाणा नव्हता.

भय्यासाहेबांनी डोळे मिटले. "बासमती! अच्छा. म्हणजे जातिवंत नाग. त्याले हलवू नका, डिवचू नका, अन् त्याच्याकडे पाठ करू नका."

"मग करू काय?"

"बसा," भय्यासाहेब म्हणाले.

म्हणून दुसऱ्या दिवशी, पूजनाला, नीलकंठराव काठी घेऊन ज्येष्ठेशेजारी बसले. वॉर्डनची ड्युटी आहे असं फॅक्टरीत कळवलं होतं, म्हणून पट्टा, टोप, शिट्टी सगळं अंगावर. बायका येत, हा जामानिमा पाहून दारातच थबकत. एखादी निऱ्यांकडे वाकली की ते काठी आपटून ओरडत, "दुरून! दुरून नमस्कार करा! एआरपीचा नियम आहे!" पलीकडच्या दुबाइनने पदराआडून विचारलं, "दीदी, बाबूजी को क्या हो गया?" अनसूयाबाई म्हणाल्या, "कुछ नहीं, भक्ति हो गई है." आणि नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "टोप तरी काढा हो. देवी घाबरून राहिली असेल." तीस वर्षांच्या नोकरीत असा पाणउतारा झाला नव्हता. पण नीलकंठराव हलले नाहीत. डोकी वाकत होती, काचेच्या बांगड्या निऱ्यांशी किणकिणत होत्या, आणि दर किणकिणीला त्यांच्या पाठीतून घाम ओघळत होता.

दुपारी महानैवेद्य झाला. पनागरहून आणवलेल्या सोळा भाज्या, साखर साठवून साठवून केलेलं पुरण, खीर. त्या घरची रीत अशी की नैवेद्य दाखवायचा, दार लोटायचं आणि देवींना निवांत जेवू द्यायचं. कोणी डोकावायचं नाही. अनसूयाबाई दाराबाहेर हात जोडून उभ्या राहिल्या. नीलकंठराव काठी धरून. आतून मचमच असा आवाज आला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते.

दार उघडलं तर खिरीचा द्रोण चाटून पुसून लख्ख. पुरणपोळी नाहीशी झालेली, तिचा एक तुकडा ज्येष्ठेच्या निऱ्यांपाशी.

"जेवल्या," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि चैत्रापासून पहिल्यांदा रडल्या. शेजारच्या बायका धावल्या, त्याही रडल्या. अर्ध्या तासात अख्खी ओळ दारात लोटली. त्या दिवसांत पाच माणसं एकत्र उभी राहायची बंदी होती, आणि ती बंदी लोकांना सांगायचं काम वॉर्डनचं होतं.

नाग पुरणपोळी खातो का, असं नीलकंठरावांनी कुंपणावरून विचारलं. भय्यासाहेब जरा विचारात पडले. मग म्हणाले, "ब्रह्मदेशाकडचा असेल. तिकडचे खातात."

तोवर बासमतीने आपलं काम केलं होतं. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाल्यापासून सगळी ओळ जाडेभरडे तांदूळ गिळत होती, आणि इथे वॉर्डनच्या घरातून दोन दिवस बासमतीचा घमघमाट! कोणीतरी जाऊन चुगली केली. तिन्हीसांजेला धान्य खात्याचे इन्स्पेक्टर पटेरिया सायकलवरून उतरले, उंबऱ्यातच नाक वर करून उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "बासमती है. दो साल पुरानी."

स्वयंपाकघरात अर्धा डबा जाडे तांदूळ निघाले, वर बुरशी. पटेरियांनी ते हुंगले आणि तोंड वाकडं केलं. मग वासाच्या मागे मागे ते देवघरात आले आणि ज्येष्ठेसमोर थांबले. "हम सब जानते हैं, बाबूजी," ते म्हणाले. "आप दक्खिनी लोग देवी के अंदर अनाज भरते हैं."

"इस साल नहीं भरा," नीलकंठराव म्हणाले. आवाज इतका फाटला की त्यांनाच ते खोटं वाटलं. कोठीत बासमती सापडली असती तर नोकरी गेली असती. नाग सापडला असता तर इन्स्पेक्टर गेला असता. कसंही झालं तरी कोठी हलणार होती, आणि कोठीबरोबर शशी.

अनसूयाबाई मध्ये उभ्या राहिल्या. "भैया, परसों देख लेना. आज देवी बैठी है."

"माताजी, कानून भी बैठा है," पटेरिया म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी बूट काढले, हात धुतले, देवीला नमस्कार केला, आणि मग खाली बसून निऱ्यांकडे हात नेला. निऱ्या हलल्या. आतून हलल्या. नीलकंठरावांनी ओरडायला तोंड उघडलं. हात आपोआप छातीकडे गेला आणि त्यांनी जिवाच्या आकांताने शिट्टी फुंकली.

शिट्टी म्हणजे हवाई हल्ला. हे ओळीला त्यांनीच घोकून घोकून शिकवलं होतं, आणि ओळ काही विसरली नव्हती. दारातली गर्दी किंचाळत खंदकाकडे पळाली. शेजारच्या ओळीच्या वॉर्डनने शिट्टी ऐकून स्वतःची वाजवली, त्याची ऐकून पुढच्याने, आणि शिट्ट्या अशा फॅक्टरीच्या फाटकापर्यंत पोचल्या. मग भोंगा सुरू झाला. खमरियापासून रांझीपर्यंत दिवे पटापट विझले. पटेरिया अनवाणीच धावले आणि खंदकात सगळ्यांच्या आधी उतरले. आत छातीएवढं पाणी आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"चल!" नीलकंठरावांनी बायकोचा हात धरला.

"मी यांना टाकून येणार नाही," अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांनी नंदादीपावर तपेली पालथी घातली, काठाशी चमचा अडकवून, म्हणजे ज्योत विझणार नाही. काळोख झाला. त्या देवीपुढे बसल्या.

वॉर्डनने खंदकात असायला हवं होतं. नीलकंठराव गेले नाहीत. ते बायको आणि ज्येष्ठा यांच्या मध्ये काठी घेऊन उभे राहिले. भोंगा रडत होता. वास दाट झाला. मग निऱ्यांची सळसळ झाली आणि काहीतरी मऊ त्यांच्या पोटरीला घासून गेलं.

"अनसूये, मागे हो," ते कसेबसे म्हणाले. "साप आहे. कालपासून आहे. मी तुला सांगितलं नाही."

"साप नाही," काळोखातून आवाज आला. "काठी ठेवा खाली. लेकुरवाळी आहे ती."

अनसूयाबाईंनी तपेली बोटभर उचलली. उजेडाच्या पट्टीत आधी मिशा दिसल्या, मग टोकदार तोंड, मग दोन चमकणारे डोळे. काळं करडं उदमांजर होतं, लांबलचक शेपटीचं. मागे निऱ्यांतून दोन पिल्लं डोकावत होती. आईने निऱ्यांपाशी पडलेला पोळीचा तुकडा उचलला आणि ती पिल्लांकडे वळली.

नीलकंठरावांनी काठी खाली ठेवली. "तुला माहीत होतं?"

"कोठीला साडी कोण नेसवतं? तुम्ही? काल सकाळी वाकले तर आत हे दोघं. आमच्या माहेरी, सौसरला, आमराईत होती, त्यांच्या अंगाला असाच भाताचा वास येतो."

"मग मला सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही शिट्टी वाजवली असती."

 बाहेर खंदकात कोणीतरी शिंकलं. नीलकंठरावांनी भीत भीत विचारलं, "पण मग दुपारी 'जेवल्या' म्हणून रडलीस, ते?"

"जेवलीच ना ती!" अनसूयाबाई एकदम म्हणाल्या. "तिचं झाड गेलं, घर गेलं, लेकरं तोंडात धरून परक्याच्या दारात आली. अन् तिला घास मिळाला. माझा शशी पण कोणाच्या तरी दारात गेला असेल ना हो, त्या डोंगरात? त्याला कोणी काठी उगारली नसेल. काहीतरी वाढलं असेल. मी तिला हाकललं असतं, तर कोणत्या तोंडाने देवीला म्हटलं असतं की त्याला कोणी हाकलू नये?"

नीलकंठरावांना जांभळाचं झाड आठवलं. त्यांनी काठी उचलून दाराबाहेर ठेवली आणि येऊन बायकोशेजारी बसले.

भोंगा थांबला, दिवे लागले. उदमांजर निऱ्यांत शिरलं. पटेरिया दारात आले, अंगावरून पाणी निथळत होतं, कानाला शेवाळ लागलं होतं. तरी नाक वर होतंच. "बाबूजी, अंदर है क्या?"

नीलकंठराव उठून उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी स्टोअरमध्ये एका चाकीचाही खोटा हिशेब दिला नव्हता. ते सरळ इन्स्पेक्टरच्या डोळ्यांत पाहून म्हणाले, "नाग."

"बासमती की महक?" पटेरिया एक पाऊल मागे सरले.

"जातिवंत नाग!" कुंपणावरून भय्यासाहेब ओरडले. "चाळीस वर्षं जंगलात काढली मी!"

पटेरियांनी दुरूनच हात जोडले, बूट उचलले आणि सायकलवर टांग मारली.

शिट्टी दुसऱ्याच दिवशी परत मागवली गेली. साहेबासमोर नीलकंठरावांना फार ऐकून घ्यावं लागलं. पट्टा, टोप आणि शिट्टी भय्यासाहेबांकडे गेली, आणि टोप त्यांना नेमका बसला, याचं नीलकंठरावांना जास्त लागलं. महालक्ष्म्यांचं विसर्जन यथासांग झालं. मुखवटे डब्यात गेले, धाकटीची कोठी माळ्यावर गेली. थोरलीची जागच्या जागी राहिली, साडीसकट. ओळीतल्या बायका नागासाठी दूध आणून उंबऱ्यावर ठेवत. अनसूयाबाई ते आत नेत आणि वाटी रोज रिकामी परत देत.

आणि ज्या दिवशी खंदकाचं पाणी नक्की कोणाचं हे वर ठरलं, त्या दिवशी बांधकामाच्या ऑफिसातून गवंडी भगदाड बुजवायला आले. नीलकंठराव दारात आडवे झाले. "अभी नहीं. दीवाली के बाद."

"बाबूजी, दीवार गिर जाएगी," गवंडी म्हणाला.

"गिरने दो," नीलकंठराव म्हणाले. घमेलं घेऊन गवंडी परत गेला.

दिवाळी आली. पाडवा झाला. भाऊबीजेला अनसूयाबाईंनी पाट मांडला, त्याभोवती रांगोळी काढली, ताटात निरांजन ठेवलं, आणि भाऊ नाही तर चंद्राला ओवाळतात म्हणून संध्याकाळची वाट पाहत बसल्या. नीलकंठराव ओसरीवर पेपर उलटा धरून बसले होते. त्यांना आत जाववत नव्हतं.

फाटक वाजलं. एक काळाठिक्कर, हाडकुळा माणूस बांबूची काठी टेकत आत आला. डोक्यावरचे केस तापाने गेलेले, पायात दोन वेगवेगळ्या चपला. नीलकंठरावांनी त्याला ओळखलं नाही. तो पायरीवर थांबला, श्वास घेतला, परत एकदा घेतला, आणि आत पाहून म्हणाला, "ताई, बासमती शिजवून राहिलीस का गं?"

नीलकंठरावांचा हात छातीकडे गेला. शिट्टी नव्हती. ती असती तर त्या दिवशी त्यांनी अख्खं जबलपूर खंदकात उतरवलं असतं.

आतून ताट पडल्याचा आवाज झाला. अनसूयाबाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.  मग पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या, "नाही रे. जाडेभरडेच आहेत. ये, बस पाटावर, वाढते."